स्लिप लपवत नाही, तो आपला

दारू सोडू पाहणाऱ्याला उपदेशाचा तुटवडा कधीच नसतो. बायको सांगते, भाऊ सांगतो, डॉक्टर लिव्हरचा रिपोर्ट पुढे ठेवून सांगतात. तो मान खाली घालून ऐकतो. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे एए च्या मीटिंगमध्ये मात्र एखादा उठून 'मी बेवडा आहे' म्हणतो, घरातलं काय काय विकलं ते सांगतो, आणि ही मान वर होते.

एए ची सुरुवातच अशी झाली. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनचे डॉ. बॉब स्मिथ स्वतः सर्जन. दारूचे दुष्परिणाम त्यांना कोण शिकवणार? मे १९३५ मध्ये बिल विल्सन त्यांना भेटला. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला, परगावी काम फिसकटलेलं, हॉटेलातला बार खुणावत असलेला. आपण पुन्हा पिऊ या भीतीनेच तो दुसरा बेवडा शोधत होता. पंधरा मिनिटांच्या बोलीवर गेलेले डॉक्टर कित्येक तास बसले. बिल स्वतःच्या पिण्याबद्दल बोलत होता. तरीही काही आठवड्यांत डॉक्टर अटलांटिक सिटीच्या वैद्यकीय अधिवेशनाला गेले आणि पुन्हा प्यायले. एए ने ही स्लिप कधी झाकली नाही. त्यानंतर १० जूनला डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली, असं एए मानते. तोच दिवस संस्थेचा स्थापनादिन मानतात.

मला या झाकपाक न करण्याचा भरवसा वाटतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रामध्येही व्यसनातून बाहेर आलेले अनेकजण कार्यकर्ते झाले. नव्या पेशंटची थाप त्यांना चटकन कळते. तीच थाप कधीकाळी त्यांनी घरी मारलेली असते.

पण भोगलेला प्रत्येकजण सल्ला द्यायला लायक नसतो, हेही ठणकावून सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. 'मी घरीच, मनाच्या जोरावर सोडली, तूही सोड' असं म्हणणारा कितीही खरं बोलत असला तरी त्याचं ऐकू नका. जाणता साथी आधी विचारतो, शेवटची कधी घेतलीस, हात थरथरतात का, पूर्वी कधी फिट आली होती का. आणि मग सोबत दवाखान्यात येतो.

म्हणून घरच्या माणसाला कुणाच्या हवाली करण्याआधी त्या सल्लागाराला खुशाल विचारा: तुमची स्लिप कधी झाली होती, आणि तेव्हा तुम्ही कुणाकडे गेलात?