महसुली की भांडवली?

आधी राज्य श्रीमंत होऊ द्या, मग गरिबांवर हवा तेवढा खर्च करा, हे म्हणणे आज इतक्या ठामपणे मांडले जाते की त्यावर शंका घेणाराच भाबडा ठरतो. कारखाने आले की रोजगार येतो, रोजगारातून कर येतो, करातून शाळा-दवाखाने उभे राहतात. हा क्रम उलटवला तर तिजोरी रिकामी होते आणि माणसे आळशी बनतात, असा हा युक्तिवाद. महाराष्ट्रावरचे कर्ज नऊ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले आहे. 2024 पासून लाडकी बहीण योजनेत महिन्याला दीड हजार रुपये थेट खात्यात जाऊ लागले, तेव्हापासून या युक्तिवादाला आणखी धार चढली. पूर्वपक्ष पोकळ नाही. तरीही तो चूक आहे, आणि ती चूक दाखवायला फार लांब जावे लागत नाही.

चुकीची सुरुवात हिशेबाच्या वहीतच होते. शाळेची इमारत बांधली की तो भांडवली खर्च. त्या इमारतीत शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार मात्र महसुली. अंगणवाडीची खोली भांडवली, खोलीत बसलेल्या पोराच्या ताटातली उसळ महसुली. जमाखर्च मांडण्यासाठी हा भेद सोयीचा असेल. पण अर्थसंकल्पावर बोलताना आपण भांडवली म्हणजे उत्पादक आणि महसुली म्हणजे खाऊन संपणारे, असे धरून चालतो. सिमेंट टिकते आणि माणूस संपतो, असा त्याचा अर्थ होतो. ज्या समाजाने इतके धरून ठेवले, तिथे कल्याणाविषयीचा वाद सुरू होण्याआधीच निकाली निघालेला असतो.

उसळ खरोखर संपते का? मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात 1969 ते 1977 या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांतल्या मुलांना प्रथिनयुक्त लापशी मिळाली, दोन खेड्यांत साधे गोड पेय. ती मुले कर्ती झाल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठले. ज्या मुलग्यांना वयाच्या पहिल्या दोन वर्षांत लापशी मिळाली होती, त्यांची तासाची कमाई इतरांपेक्षा सुमारे 46 टक्के अधिक निघाली. स्त्रियांच्या कमाईत तसा फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण दोन वर्षांच्या लापशीने प्रौढ पुरुषाच्या मिळकतीत एवढा फरक पडत असेल, तर तिला वाटप कसे म्हणायचे?

आता महाराष्ट्राकडे येऊ. 1972-73च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या, मिलो आणि सुकडीवर दिवस काढणाऱ्या त्या पिढीच्या आठवणी मराठवाड्यात अजून ताज्या आहेत. त्याआधी, 1965 साली, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. त्यातूनच रोजगार हमी योजना आली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम हा हक्क आहे असे एका राज्याने कायद्यात लिहिले. देशाला तिथवर पोचायला 2005 उजाडावे लागले.

माणसे आळशी होतात, या आक्षेपाचे उत्तर या योजनेच्या रचनेतच आहे. वैशाखाच्या उन्हात चर खणायला कोणी आळसापोटी येत नाही. ज्याच्याकडे दुसरे काही नाही तोच येतो. गरजू कोण हे ठरवायला दाखले आणि शिफारशी लागत नाहीत. स्त्री-पुरुषांना एकच दर ठरला, तोही शेतमजुरीत बाईला निम्म्याने देण्याची रीत असलेल्या काळात. यावर शेतकरी म्हणतो, रोजगार हमीमुळे मजूर मिळेनासे झाले. कोरडवाहू शेतकऱ्याची ती अडचण खरी आहे आणि तिची टिंगल करू नये. पण तिचा उपाय पिकाला भाव मिळण्यात आहे, मजुराला उपाशी ठेवण्यात नाही. मजुरी वाढणे ही मजुराच्या घरातली समृद्धीच आहे. प्रदेशाची समृद्धी मोजताना त्या घराला वगळायचे असेल, तर ते उघड सांगावे.

रोजगार हमीच्या पैशातून उभे काय राहिले? पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते, विहिरी. त्यातले पुष्कळ काम वाईट झाले. हजेरीपटावर खोटी नावे चढली, रस्ते अर्धवट राहिले, तलाव गाळाने भरले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 1990 नंतर याच योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि लहान शेतकऱ्याला स्वतःच्या बांधात आंबा, काजू, डाळिंब, बोर लावण्यासाठी अनुदान मिळू लागले. त्यानंतर राज्यातले फळबागांचे क्षेत्र लाखो हेक्टरांनी वाढले. कोकणातल्या वरकस जमिनीवर आज जी कलमे दिसतात, त्यांतल्या कितीतरी कलमांचे खड्डे या पैशातून खणले गेले. हिवरे बाजारचे नाव सगळे घेतात. तिथल्या डोंगरावरचे समतल चर आणि झाडे यांत श्रमदान होते, गावाने स्वतःवर घालून घेतलेली बंधने होती, आणि रोजगार हमीसारख्या सरकारी योजनांचा पैसाही होता. गावाची शिस्त नसती तर पैसा वाया गेला असता, आणि पैसा नसता तर ती शिस्त उपाशीपोटी किती टिकली असती? एकेकाळी गाव सोडून गेलेली कुटुंबे तिथे परतली. याला गुंतवणूक म्हणायचे नाही तर कशाला?

पूर्वपक्षाचे हुकमी पान म्हणजे केरळ. शाळा आणि दवाखाने होते, पण कारखाने नव्हते, म्हणून शिकलेली पोरे आखातात गेली, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. सामाजिक खर्च आपोआप उद्योग आणत नाही. पण पुढचेही बघा. ज्या केरळचे दरडोई उत्पन्न एके काळी देशाच्या सरासरीखाली होते, ते आता सरासरीच्या बरेच वर आहे. नीती आयोगाच्या 2023च्या अहवालात बहुआयामी गरिबी केरळात 0.55 टक्के आणि महाराष्ट्रात 7.81 टक्के दिसते. हा महाराष्ट्र मुंबईसकटचा आहे. आखातात जाऊन परिचारिका किंवा तंत्रज्ञ होण्यासाठीही आधी शाळा लागते.

तामिळनाडूने दोन्ही केले. 1956 साली मुख्यमंत्री कामराजांनी शाळेत दुपारचे जेवण सुरू केले, 1982 साली एम. जी. रामचंद्रन यांनी ते मोठ्या प्रमाणावर वाढवले. राज्य भिकेला लागेल, असे तेव्हाही बजावले गेले. आज देशात सर्वाधिक कारखाने तामिळनाडूत आहेत, कारखान्यांत काम करणाऱ्या भारतीय स्त्रियांपैकी सुमारे चाळीस टक्के तिथल्या आहेत, आणि अलीकडच्या आकडेवारीत त्याचे दरडोई उत्पन्न महाराष्ट्राच्या पुढे गेले आहे. याचे सगळे श्रेय जेवणाला द्यावे असे मी म्हणत नाही. बंदरे, वीज, जुना कापडधंदा ही कारणे आहेतच. पण जेवण देणारे राज्य बुडते, हे विधान तिथे साफ खोटे ठरले.

कोल्हापूरला हे शंभर वर्षांपूर्वी कळले होते. शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, कापडगिरणी काढली, राधानगरीचे धरण हाती घेतले. त्याच काळात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली आणि 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. वसतिगृहांतली मुले मात्र लवकर कामी आली. कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या सहकारी कारखान्यांना, बँकांना, दूधसंघांना हिशेब लिहिणारी, सभा चालवणारी, यंत्र सांभाळणारी माणसे अशाच शाळांतून मिळाली. साखरेच्या समृद्धीची चर्चा करताना आपण पाणी मोजतो, वसतिगृहे मोजत नाही. पाणी तर त्याआधीही पंचगंगेतून वाहतच होते.

म्हणून कल्याणाच्या नावाने होणारा प्रत्येक खर्च माझ्या बाजूचा आहे, असे नाही. निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झालेली आणि निकालानंतर छाटणी सुरू झालेली रक्कम हा हक्क नव्हे. हातात आलेल्या दीड हजारांनी एखाद्या बाईला औषध घेता येते, नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यासाठी आरोग्य केंद्रातल्या जागा रिकाम्या ठेवाव्या लागणार असतील, आश्रमशाळेच्या जेवणात काटछाट होणार असेल, तर ती बाई एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने देतेच आहे.

आणि पैसा? रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने 1975 साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा आणि तेवढाच राज्याचा वाटा, यांतून खेड्यातल्या मजुराची मजुरी भागत असे. दुष्काळात गावे ओस पडली की त्याची झळ शहराला बसते, हे त्या करामागचे शहाणपण होते. या कराची वार्षिक कमाल मर्यादा 1988च्या घटनादुरुस्तीने 2500 रुपये ठरली आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. महिन्याला अडीच लाख मिळवणाराही वर्षाला तेवढेच भरतो. ज्यांना राज्याच्या तिजोरीची मनापासून काळजी आहे, त्यांनी अंगणवाडीच्या ताटाकडे बोट दाखवण्याआधी ही मर्यादा वाढवायची मागणी करावी. मी ती करतो आहे.