व्हीपीएस घेऊ, पण सांभाळणार कोण?

मार्चअखेर होस्टिंगच्या नूतनीकरणाची बिलं येतात आणि त्यांच्यामागोमाग ग्राहकाचा ठरलेला फोन येतो. पहिल्या तीन वर्षांची सवलत संपलेली असते, नवा दर पाहून तो चमकलेला असतो. "सर, एवढ्या पैशांत व्हीपीएस मिळतोय म्हणे. मग शेअर्डवर कशाला राहायचं? तशीही साइट स्लोच आहे." आपल्यातले बरेच जण लगेच हो म्हणतात. ग्राहक खूश, आपलं स्थलांतराचं बिल निघतं आणि कोटेशनवर व्हीपीएस हा शब्द भारदस्तही दिसतो. हा होकार बहुतेक वेळा घाईचा असतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. व्हीपीएस घेताना आपण वेग विकत घेतो असं वाटतं. प्रत्यक्षात होस्टिंग कंपनीचा सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जे काम करत होता, ते आपल्या अंगावर घेतो.

आधी वेगाचा हिशेब करू. समजा, देवगडच्या एका आंबा बागायतदाराची वूकॉमर्सवरची साइट आहे. गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत झुंबड, बाकीचं वर्ष शुकशुकाट. एक पान तयार करायला पीएचपी आणि डेटाबेस मिळून सीपीयूचा ०.३ सेकंद वेळ खातात असं धरू. क्लाउडलिनक्सवर चालणाऱ्या शेअर्ड खात्याला सहसा एक कोर मिळतो, म्हणजे सेकंदाला साधारण तीन पानं. आता तीच साइट एक कोर आणि १ जीबी रॅमच्या व्हीपीएसवर नेली, तर पानं किती? तीनच. उलट रॅमची ओढाताण सुरू होते. वूकॉमर्सची एकेक पीएचपी प्रोसेस ६०-८० एमबी घेते, मायएसक्यूएलला त्याचा वाटा लागतो, ऑपरेटिंग सिस्टीमला तिचा. पीएचपी-एफपीएममध्ये मॅक्स चिल्ड्रनचा आकडा उत्साहाने वाढवून ठेवला असेल, तर ऐन गर्दीत मेमरी संपते आणि लिनक्सचा ओओएम किलर बहुधा सगळ्यात मोठ्या प्रोसेसचा, म्हणजे मायएसक्यूएलचाच, बळी घेतो. शेअर्डवर साइट हळू होती. इथे डेटाबेस कनेक्शनचा एरर दाखवत बसते.

याच साइटची आंब्याच्या पेटीची पानं सगळ्यांना सारखीच दिसतात. ती पेज कॅशेतून दिली की पीएचपीला हातच लावावा लागत नाही आणि त्याच शेअर्ड खात्यावर कितीतरी पट गर्दी निभावते. कार्ट आणि चेकआउट मात्र कॅशे करता येत नाहीत. तिथे किती लोक एकाच वेळी असतात, यावरच पुढचा निर्णय घ्यायला हवा.

म्हणून स्थलांतराचा विषय निघाला, की आधी सीपॅनलमधलं रिसोर्स युसेजचं पान उघडावं. साइट नेमकी कुठे अडते आहे, ते तिथे कळतं. सीपीयू भरतो आहे का? मेमरी? की डिस्कचा आयओ, ज्याची क्लाउडलिनक्समधली मूळ मर्यादा सेकंदाला अवघी १ एमबी आहे? सगळ्यात जास्त गैरसमज एन्ट्री प्रोसेसबद्दल आहे. तिची मूळ मर्यादा २० म्हणजे एका वेळी २० पाहुणे नव्हेत, तर एकाच क्षणी चालू असलेल्या २० स्क्रिप्ट. पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल, तर या हिशेबाने सेकंदाला ४० पानं निघतात. पण कुरिअरचा दर विचारायला बाहेरच्या एपीआयकडे गेलेली विनंती दहा सेकंद लटकली, तर वीसच्या वीस जागा पाहता पाहता अडतात आणि ५०८ चा एरर येतो. सीपीयू तेव्हा जवळजवळ रिकामा असतो. एन्ट्री प्रोसेस भरलेल्या आणि सीपीयू मोकळा, असं चित्र दिसलं तर दोष कोडमध्ये शोधावा. व्हीपीएसवर तेच कोड तसंच लटकेल.

व्हीपीएसवर शेजारी नसतात, हाही अर्धाच समज आहे. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये आलं आणि पुढे स्वतंत्र कर्नलचे व्हीपीएस स्वस्तात मिळू लागले, हे खरं. पण खालचं मशीन एकच असतं. टॉप कमांडमधला 'एसटी'चा आकडा बघायची सवय लावा. तो सतत चढा असेल, तर तुमच्या वाट्याचा सीपीयू दुसराच कोणी वापरतो आहे.

आता अंगावर येणाऱ्या कामाचं बोलू. १ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएचमधला असा दोष जाहीर झाला, की ज्यातून लॉगिन न करता रूटपर्यंत पोहोचणं शक्य होतं. उबंटू २२.०४ त्यात सापडलं होतं. शेअर्डवरच्या ग्राहकांना याची गंधवार्ताही लागली नाही, कारण पॅच लावणं कंपनीचं काम होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सायबरपॅनलची पाळी आली. सीपॅनलने २०१९ मध्ये खात्यांच्या संख्येवर दर लावायला सुरुवात केल्यावर फुकटच्या पॅनलकडे वळलेले अनेक जण आपल्यात आहेत. सायबरपॅनलमधल्या त्रुटीतून पासवर्डशिवाय रूट मिळत होतं. इंटरनेटवर उघडी असलेली सुमारे २२ हजार इन्स्टॉलेशन्स धोक्यात आली आणि रॅन्समवेअरवाल्यांनी त्यांच्यावर हात मारला. पॅनल फुकट होतं. त्याच्यावर लक्ष ठेवणारा माणूस फुकट मिळत नाही.

"आपोआप अपडेट चालू आहेत" हे उत्तरही पुरेसं नाही. उबंटू सुरक्षेचे अपडेट स्वतः घेतं, पण कर्नल बदलल्यावरचा रीबूट आपण ठरवल्याशिवाय होत नाही. शिवाय पीएचपी बाहेरच्या पीपीएवरून घेतलं असेल, तर मूळ सेटिंगमध्ये ते या आपोआपच्या यादीत येतच नाही. आवृत्तीचं आयुष्यही लक्षात ठेवावं लागतं. सेंटओएस ८ चं आयुष्य जाहीर मुदतीच्या कितीतरी आधी, २०२१ च्या अखेरीस संपवलं गेलं आणि पुन्हा स्थलांतर करण्याची वेळ अनेकांवर आली.

ईमेलचा मुद्दा बहुतेक कोटेशनमध्ये विसरला जातो. शेअर्ड होस्टिंगमध्ये मेलबॉक्स सोबत येतात. व्हीपीएस देणाऱ्या अनेक कंपन्या २५ क्रमांकाचा पोर्ट मुळातच बंद ठेवतात. तो उघडून घेतला तरी एसपीएफ, डीकेआयएम, रिव्हर्स डीएनएस आणि आयपीची पत हे सगळं आपणच सांभाळायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केल्यावर यात हयगय चालत नाही. आमचा सल्ला सरळ आहे: साइट व्हीपीएसवर नेली, तरी मेल वेगळ्या सेवेवर ठेवा.

कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. शेअर्डवर सर्व्हरचे लॉग कंपनीकडे असतात. व्हीपीएसवर ते तुमच्या हातात असतात, आणि उबंटूतलं अपाचीचं लॉगरोटेट मूळ सेटिंगमध्ये रोज फाइल बदलून १४ फाइली ठेवतं. म्हणजे १४ दिवस. ही सेटिंग आपल्यापैकी किती जणांनी बदलली आहे? त्यात २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सुरक्षेची वाजवी काळजी न घेण्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. तो दंड आपल्या छोट्या ग्राहकाला होईल न होईल. प्रश्न मात्र आपल्यालाच विचारला जाईल.

हे सगळं वाचून व्हीपीएसला आमचा विरोध आहे असं कोणी समजू नये. नोडचं अ‍ॅप, रेडिस, क्यू वर्कर, वेबसॉकेट असं सतत चालू राहणारं काही असेल, तर शेअर्डवर त्याला सहसा जागा नसते. चेकआउटला किंवा लॉगिन केलेल्या सदस्यांची खरीखुरी गर्दी असेल, खास एक्स्टेन्शन लागत असेल, एका ग्राहकाचा डेटा दुसऱ्यापासून पूर्ण वेगळा ठेवायचा असेल, तर व्हीपीएसच हवा, आणि तो १ जीबीचा नको. ज्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारा माणूस नाही आणि गरज मात्र खरी आहे, त्यांनी मॅनेज्ड व्हीपीएसचे जास्तीचे पैसे बिनदिक्कत ग्राहकाकडून घ्यावेत. पण करार नीट वाचून. काही ठिकाणी 'मॅनेज्ड' म्हणजे फक्त ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट असतात. मायएसक्यूएल बंद पडलं तर तुमचं तुम्ही बघायचं.

आपल्या धंद्याची खरी चूक दरात आहे. आपण व्हीपीएसचं भाडं ग्राहकाला सांगतो, देखभालीचं सांगत नाही. सांगितलं तर तो दुसरीकडे जाईल ही भीती असते. मग देखभाल कोणाच्याच यादीत राहत नाही. व्हीपीएसच्या प्रत्येक कोटेशनमध्ये एएमसीची वेगळी ओळ असलीच पाहिजे, आणि त्या ओळीखाली कामं लिहिलेली हवीत: पॅच किती दिवसांत लावणार, रीबूट केव्हा करणार, लॉग कुठे ठेवणार, बॅकअप कुठे जाणार, रात्री साइट पडली तर फोन कोण उचलणार. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएचचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यापैकी अनेकांचं सगळं गेलं. म्हणून त्याच कंपनीचा स्नॅपशॉट हा बॅकअप धरू नका. दुसरीकडे ठेवलेला बॅकअपसुद्धा तीन महिन्यांतून एकदा नव्या मशीनवर उभा करून बघा, आणि त्या कामाचे तास बिलात लावा.

एएमसीखालची ही कामं लिहिताना त्यांच्यापुढे कोणाचं नाव घालावं असा प्रश्न पडला, तर ग्राहकाला शेअर्डवरच ठेवा, कॅशे नीट लावून द्या आणि त्याचे पैसे घ्या. त्यात कमीपणा काही नाही.