कोणत्या वारी दम लागतो?

खामगाव-मलकापूरकडे कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगमधल्या मजुराचा खोकला ‘धुळीचा’ म्हणून सोडून दिला जातो. पण या खोकल्याला वार असतो. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत सैल होते. कापूसधुळीच्या रोगाची, बिसिनोसिसची, ही जुनी ओळख. ती स्टेथोस्कोपला सापडेलच असे नाही; विचारावी लागते.

दोन आठवडे न हटणारा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन दिसले तर मात्र थुंकी तपासाच. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. आणि तान्ह्याचे पोट उडत असेल तर घड्याळ घ्या: दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका घेऊन तातडीने दवाखाना गाठा.

डॉक्टरांनो, ‘काम काय करता?’ हा प्रश्न केसपेपरवर सर्वांत आधी येऊ द्या.