अलार्म गप्प आहे म्हणून निश्चिंत राहू नका

मा. संपादक,


गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये होणाऱ्या मृत्यूंवरचा आपल्या पुरवणीतला लेख अगदी वेळेवर आला. थंडी पडली की अशा बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात. लेखातल्या माहितीबद्दल तक्रार नाही. आक्षेप आहे तो शेवटच्या सल्ल्याला : घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा आणि निश्चिंत राहा. अलार्म जरूर बसवावा, पण निश्चिंत राहा असे तो बनवणारी कंपनीसुद्धा म्हणत नाही.

माझी सगळी नोकरी कारखान्यातल्या गॅसमापकांची देखभाल करण्यात गेली. त्यामुळे असा डबा हातात आला की आधी माहितीपत्रकातली बारीक अक्षरे वाचायची खोड आहे. गेल्या वर्षी न्यू जर्सीला मुलीकडे गेलो, तेव्हा तिच्या पॅसेजमधल्या अलार्मचे पत्रकही असेच काढून बसलो. अमेरिकेच्या यूएल २०३४ या मानकाप्रमाणे हवेत ७० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल, तर अलार्मने एक ते चार तासांच्या दरम्यान वाजायचे. १५० असेल तर १० ते ५० मिनिटांत, ४०० असेल तर ४ ते १५ मिनिटांत. आणि ३० पीपीएम असेल तर? सलग तीस दिवस गप्प राहायचे. वाजला तर तो अलार्म चाचणीत नापास! आकडा दाखवणाऱ्या अनेक मॉडेलांवरही ३० च्या खाली शून्यच दिसते. युरोपचे मानक जरा कडक आहे; तिथे ५० पीपीएमला तास-दीड तासात आवाज यावा लागतो. पण ३० ला पहिले दोन तास तिथेही शांतताच.

आता याच्याशेजारी आपलाच नियम ठेवून बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मानकांनुसार बाहेरच्या हवेत या वायूची आठ तासांची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे दोन पीपीएमपेक्षाही कमी. घरातला अलार्म महिनाभर ज्या पातळीला तोंड उघडत नाही, ती याच्या जवळजवळ सतरा पट. रस्त्यावर आपण जी हवा चालवून घेणार नाही, ती झोपायच्या खोलीत असली तरी यंत्र काही बोलत नाही.

यात कंपन्यांची लबाडी नाही, आणि हे मान्य करायलाच हवे. १९९४ मध्ये शिकागो शहराने घरोघरी हे अलार्म सक्तीचे केले. त्याच डिसेंबरात थंड हवेचा थर शहरावर बसला, गाड्यांचा धूर खालीच कोंडला आणि हजारो घरांतले अलार्म एकाच वेळी बोंबलू लागले. अग्निशमन दलाची धावपळ झाली, लोक वैतागले. वैतागलेला माणूस बॅटरी काढून ठेवतो, मग खऱ्या संकटात ते यंत्र कुचकामी. म्हणून पुढे मानक बदलून यंत्राला थोडे उशिरा वाजायला शिकवले. निरोगी माणूस शुद्धीवर असताना घराबाहेर पडू शकला पाहिजे, एवढाच हिशेब त्यामागे आहे.

पण घरात सगळेच निरोगी नसतात. हृदयविकाराचे आजोबा असतात, गरोदर सून असते, तान्हे मूल असते. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत अजूनही शेकशेगडी ठेवतात. खिडक्या घट्ट बंद, वारा लागू नये म्हणून दाराला पडदा, आणि आत निखाऱ्यांवर ओवा-शेपांची धुरी. धुरीचा वास सुखावतो, पण निखाऱ्यातून निघणाऱ्या या वायूला वासच नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, थकवा ही लक्षणे तर पित्त झाले की होतात तशीच, म्हणून कोणाला शंका येत नाही. कोविडपासून घरोघरी असलेला ऑक्सिमीटरही इथे फसवतो. वायूने अडवलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. तो खुशाल ९८ दाखवतो. मोकळ्या हवेत चार-पाच तास गेले की रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी म्हणजे वरातीमागून घोडे. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच त्रास होत असेल आणि बाहेर पडल्यावर बरे वाटत असेल, तर आधी हवेवर संशय घ्यावा.

गिझरच्या बाबतीत तर हा अलार्म आणखीच तोकडा पडतो. बाथरूममध्ये तो लावू नका, असे पत्रकातच असते, कारण वाफेने सेन्सर बिघडतो. म्हणजे माणूस आत आणि अलार्म बंद दाराबाहेर! कोंडलेल्या बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी होऊन गिझरची ज्योत अर्धवट जळू लागली की हा वायू झपाट्याने साठतो, आणि ४०० पीपीएमलासुद्धा यंत्राला पंधरा मिनिटांची मुभा आहे. तेवढ्यात आंघोळ उरकलेली असते. त्याहून वाईट म्हणजे स्वयंपाकघरातला एलपीजीचा डिटेक्टर हेही काम करतो, अशी अनेकांची समजूत. तो गॅसगळती ओळखतो. कार्बन मोनॉक्साइडशी त्याचा संबंध नाही.

उपाय आहे. पाच-दहा पीपीएमपासून आकडा दाखवणारे मॉनिटर मिळतात. अमेरिकेत घर गरम ठेवणारी भट्टी दुरुस्त करणारे तंत्रज्ञ ते ग्राहकांना सुचवतात. ते महाग आहेत आणि वर सांगितलेल्या मानकात बसत नाहीत, कारण लवकर बोलणे हाच त्या मानकाच्या लेखी दोष! तेही निर्दोष नाहीत. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना निघणाऱ्या हायड्रोजनने या सेन्सरचा आकडा खोटाच वाढू शकतो, आणि सेन्सर काही वर्षांत म्हातारा होतो. टेस्टचे बटण दाबल्यावर येणारा आवाज भोंगा आणि बॅटरी ठीक असल्याचे सांगतो, सेन्सरचे नाही. पण शिकागोच्या अनुभवातून भोंगा उशिरा वाजवावा एवढेच निघते. आकडाही लपवावा, हे त्यातून कसे निघते? भोंगा ७० ला वाजू दे, पण पडद्यावर १२ दिसले तर घरातला शहाणा माणूस खिडकी उघडेल, मेकॅनिकला बोलावेल. मुलीच्या घरातल्या त्या पत्रकातच लिहिले आहे की, ज्यांना आजार आहेत त्यांनी ३० पीपीएमच्या खाली इशारा देणाऱ्या उपकरणाचा विचार करावा. कंपनी जे बारीक अक्षरांत कबूल करते, ते वर्तमानपत्राने ठळक छापायला काय हरकत आहे?

तेव्हा विनंती अशी की, पुढच्या वेळी अलार्मची शिफारस करताना तो कोणत्या पातळीला किती वेळाने वाजतो, तेही सोबत छापावे. आणि त्याच्या वर, पहिल्या ओळीत, गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवा, असे लिहावे.

आपला,
एक निवृत्त अभियंता, पुणे