अजून किती शिकणार?

‘एम.टेक. झालं, आता आणखी पाच वर्षं पीएच.डी.? कमावणार कधी?’ चिपच्या संशोधनाकडे वळणाऱ्या मुलांचे पालक मला हमखास विचारतात. कनिष्ठ संशोधकाची केंद्रीय शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. बंगला होत नाही, पण चूल पेटते.

१९८४-८५ साली बर्कलेत अतिवाहक मंडलावर प्रयोग करणारे जॉन मार्टिनिस पीएच.डी.चे विद्यार्थीच होते. त्याच कामाला, मार्गदर्शक जॉन क्लार्क आणि मिशेल देव्होरे यांच्यासह, २०२५ चं नोबेल मिळालं.

म्हणून मुलांना अडवू नका. प्रवेशाआधी एवढंच विचारायला सांगा : चिप घडवायला धूळमुक्त प्रयोगशाळा आहे का? बेंगळुरूच्या आयआयएससीत आहे. आणि यंत्रावर पाळी कधी येते? वाट पाहण्यातच वर्ष गेलं, तर हुशारी काय कामाची?