उकळलेल्या दुधाचे अर्धसत्य

दुधाची पिशवी फोडून ते पातेल्यात ओतायचे आणि गॅसवर चढवायचे, ही शहरी मराठी घरातील सकाळची जवळपास पहिली क्रिया. वास्तविक ते दूध डेअरीत एकदा तापवूनच आलेले असते. दोनदा तापलेल्या दुधात आता काय उरणार, हा त्यामागचा विश्वास. तो बराचसा रास्त आहे, पण पूर्णपणे नाही. दुधाविषयीची आपली सारी चर्चा युरिया आणि पाण्याच्या भेसळीभोवती फिरत राहिल्याने ही उणीव मात्र झाकलेलीच राहते.

पाश्चरीकरणात दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा सुमारे ७२ अंशांना १५ सेकंद ठेवून तातडीने थंड केले जाते. क्षय, ब्रुसेलोसिस आदी रोगांचे जीवाणू त्यात मरतात. प्रक्रिया नीट झाली की नाही, हे पाहण्याची युक्तीही मार्मिक आहे. कच्च्या दुधातील फॉस्फेटेज हे विकर एवढ्याच उष्णतेने निकामी होते. ते शिल्लक आढळले, तर दूध पुरेसे तापलेले नाही किंवा त्यात कच्चे दूध मिसळले आहे, असे समजावे.

परंतु जीवाणू मेले म्हणजे त्यांनी आधीच सोडलेले विष नष्ट झाले, असे होत नाही. जपानने याची जबर किंमत मोजली. मार्च २००० मध्ये होक्काइदो बेटावरील ताइकी येथे स्नो ब्रँड या बलाढ्य कंपनीच्या कारखान्यात काही तास वीज गेली. यंत्रांत अडकलेले दूध कोमट अवस्थेत पडून राहिले आणि त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जीवाणू वाढले. पुढे त्याच दुधाची भुकटी झाली. उष्णतेने जीवाणू मारले, त्यांचे विष मात्र भुकटीत टिकून राहिले. ती भुकटी ओसाकातील कारखान्यात वापरली गेली आणि जून-जुलैमध्ये १३ हजारांहून अधिक लोकांना विषबाधा झाली. आरंभी संशय होता तो ओसाकातील एका अस्वच्छ व्हॉल्व्हवर. धागा भुकटीपर्यंत पोहोचायला ऑगस्ट उजाडला. तोवर कंपनीच्या अध्यक्षांनी पद सोडले होते.

वीजखंडित होण्याचा हा प्रसंग आपल्याला अपरिचित वाटू नये. आपल्याकडचे दूध दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या असंख्य शेतकऱ्यांकडून येते. गोठा, किटली, संकलन केंद्र आणि मग कुठे बल्क कूलरचे ४ अंश! त्यात एखाद्या गायीला कासदाह असेल, तर स्टॅफिलोकॉकस धारेबरोबरच दुधात उतरतो. कूलरला उशीर झाला, तर पुढील सारी उष्णता त्या उशिराची भरपाई करू शकत नाही.

दुसरा धोका याहून सुप्त. बुरशी लागलेली पेंड वा मका जनावराच्या पोटात गेला, की त्यातील अफ्लाटॉक्सिनचे रूपांतर ‘एम-१’ या विषात होऊन ते दुधात येते. ते ना पाश्चरीकरणाने जाते, ना आपल्या पातेल्यातील उकळीने. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने अवघे १२ होते. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त असलेले ३६८ आणि प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर असलेले ७७. विशेष म्हणजे अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक आढळले. छापे भेसळीवर पडतात, बातम्याही त्याच्याच होतात. आकडे मात्र वेगळीकडे बोट दाखवतात.

याचा अर्थ दूध उकळू नये, असा मुळीच नाही. पाश्चरीकरणानंतरही काही जीवाणूंचे बीजाणू तग धरतात आणि फ्रीजबाहेर राहिलेल्या पिशवीत ते पुन्हा वाढतात. सुट्या, कच्च्या दुधाला तर उकळण्यावाचून पर्याय नाही. प्रश्न आहे तो भट्टीच्या अलीकडचा. संकलन केंद्रावर मिथिलिन ब्लूचा निळा रंग किती वेळात उडतो, यावरून दुधातील जीवाणूंचा भार कळू शकतो. ही चाचणी जुनी आहे आणि स्वस्तही. पण राज्यात गायीच्या दुधाचा दर ठरतो तो ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ या प्रतीला. धार स्वच्छ भांड्यात काढणाऱ्या आणि दूध वेळेत केंद्रावर आणणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात त्या सूत्रातून जादा एक पैसाही पडत नाही.