शरदातील गृहोद्यान

भाद्रपद सरत आला की अनेक घरांच्या बागांना रितेपण येते. तेरड्याचा बहर ओसरतो, वाफ्यांत तण माजते आणि गृहस्थ पिटुनिया, पॅन्सी इत्यादी हिवाळी रोपांची वाट पाहत जमीन उघडी टाकतो. थंड देशांत शरद हा पानगळीचा काळ असतो. आपल्याकडे तो बहराचा ऋतू आहे. म्हणून बागेची आखणी परक्या पंचांगावरून न करता येथील ऋतुमानावरून करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

या आखणीचा कणा पारिजातक असावा. बंगालात ‘शिउली’ व हिंदीत ‘हरसिंगार’ म्हणून ओळखले जाणारे हे झाड सायंकाळी फुलते आणि पहाटे फुले ढाळते. त्याची खरी शोभा भूमीवरच दिसते. म्हणून तळाशी उंच रोपे न लावता दूर्वा राखाव्यात. कुंपणावर गोकर्णीचा वेल चढवावा. तिच्या निळ्या फुलांपुढे झेंडूचा केशरी रंग उठून दिसतो. हा संयोग केवळ नेत्रसुखद नाही. गोकर्णीच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, तर झेंडूच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक ठरतात. मात्र त्यासाठी झेंडूची लागवड दाट हवी; चार रोपांनी ते कार्य साधत नाही.

झेंडूच्या मागोमाग शेवंती यावी. काही वनस्पतींचे फुलणे रात्रीच्या लांबीवर अवलंबून असते. दिनमान व फुलणे यांचा हा संबंध गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केला. शेवंती याच वर्गातील होय. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेनंतर रात्र दिवसाहून मोठी होत जाते, ते तिला मानवते. साहजिकच रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली तिची कुंडी ठेवल्यास बहर लांबतो.

पाण्याचा नियम मात्र साऱ्या देशाला एक नाही. मोसमी पाऊस सप्टेंबरच्या मध्यानंतर राजस्थानातून परतू लागतो; तेथे आळ्यांवर पालापाचोळा पसरून ओल राखावी. तामिळनाडूत ऑक्टोबरपासून पावसाचा जोर वाढतो. तेथे पाण्याचा निचरा आधी पाहावा.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा आणि शेवंती चीनची, मग परक्या पंचांगाची तक्रार कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु वनस्पतीची पारख जन्मस्थानावरून नव्हे, वर्तनावरून करावी. झेंडू व शेवंती माणसाने लावली तेथे राहतात. घाणेरीचे तसे झाले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आणलेले हे झुडूप पक्ष्यांनी फळे खाऊन बिया दूरवर नेल्याने कुंपणाबाहेर पडले आणि आज देशातील कितीतरी वनांत स्थानिक झाडोऱ्याची जागा अडवून बसले आहे. तेव्हा रोपवाटिकेत रोप निवडताना त्याच्या फुलाचा रंग पाहावाच. पण त्याचे बी कोठवर जाते, हेही आधी विचारावे. घरची बाग कुंपणापाशी संपत नाही.